सांगण्याची भरती

जून लागला की महाड-पोलादपुरात हवामान खात्याच्या शाखा उघडतात, आणि त्यांची संख्या बरोबर चालू मोबाइलइतकी असते. प्रत्येक शाखेचा प्रमुख स्वतःला बाकीच्या शाखांपेक्षा वरिष्ठ समजतो. मीही त्यांतलाच एक प्रमुख असल्यामुळे पुढचा सगळा मजकूर खात्याच्या आतल्या माहितीवर आधारलेला आहे. माझ्या फोनात पावसाचा अंदाज सांगणारी अॅप आहेत, उपग्रहाने टिपलेले ढग आहेत, वारा गुलाबी-जांभळ्या रेघांनी दाखवणारा नकाशा आहे. त्या रेघांचा अर्थ मला नीट लागत नाही. पण रंग गडद झाला की मी भुवया चढवतो, आणि बघणाऱ्याला ते शास्त्र वाटतं. मोबाइलने या डोंगराळ भागात बातमीचा वेग वाढवला असं सगळे मानतात. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. त्याने मुख्यतः वाढवली ती सांगणाऱ्याची हौस. प्रत्येक संदेशातून दोन गोष्टी जातात: एक, पाणी कुठवर आलं; दोन, ते मला तुमच्या आधी कळलं. पहिल्या गोष्टीसाठी नदीवर जावं लागतं. दुसरीला नुसतं रिचार्ज पुरतं.

आधी नदीकडे वळू, कारण तिला हौस नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपूरला येते, महाडच्या परिसरात तिला गांधारी आणि काळ मिळतात आणि बाणकोटच्या खाडीतून ती समुद्राला जाते. एके काळी भरतीच्या पाण्यावर गलबतं महाडच्या बंदराला लागत, म्हणजे समुद्राचा हात इथवर पोहोचतो हे इंटरनेट यायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. तेव्हा बाजारपेठेत पाणी भरणार का, या प्रश्नाला तीनच गोष्टी लागतात: वर महाबळेश्वरला किती पडला, खाली भरती कधी, आणि मधे सावित्री आत्ता कुठे आहे. भरतीची वेळ तर फोनशिवायही निघते. तिथीच्या आकड्याचा पाऊण पट केला की भरतीचा अंदाजे तास मिळतो, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पौर्णिमेला पंधराचा पाऊण पट, म्हणजे सव्वाअकरा. खाडीतून वर सरकायला पाण्याला जो आणखी वेळ लागतो तो त्यात धरायचा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. आणि २३ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. संकटाची कुंडली एवढ्यात मांडून होते. तिला पार्श्वसंगीत लागत नाही.

ग्रुपवर मात्र पार्श्वसंगीतच आधी येतं. पावसाने जोर धरला की पहिल्या तासात येतो तो आंबेनळी घाटातल्या धबधब्याचा रील. मग एक पूल आणि त्यावरून वाहणारं पाणी, खाली ‘आत्ताचा व्हिडिओ’. तो कुठला, कधीचा, हे विचारणारा माणूस रसिक समजला जात नाही. मग मुंबईकर जागे होतात. पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यांमधली निम्मी घरं विरार, नालासोपारा, डोंबिवलीत राहतात. ती विचारतात, ‘गावाला काय परिस्थिती?’ आणि उत्तर येण्याआधी स्वतःच दुसऱ्या ग्रुपवरचा व्हिडिओ टाकून परिस्थिती कळवतात. गावातली माणसं तो बघून आपल्या गावाची काळजी करू लागतात. ही अशी पंगत आहे की तिथे सगळेच वाढपी, पानावर कुणी बसलेलंच नाही. या गर्दीत माझं स्थान थोडं वरचं आहे, कारण मी रील टाकत नाही. मी आकडे टाकतो. ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.४ च्या वर अतिवृष्टीची शेवटची पायरी, ही हवामान खात्याची वर्गवारी मला पाठ आहे, आणि त्यातला दशांश मी कधी गाळत नाही. दशांशाचा पुरात उपयोग शून्य. अंगणात गुडघाभर पाणी असलेल्या माणसाला ते चार दशांश मिलिमीटरने कोणत्या वर्गात बसलं याच्याशी कर्तव्य नसतं. पण रीलवाल्यापेक्षा दशांशवाला विद्वान दिसतो, आणि माझी सगळी गुंतवणूक त्या दिसण्यात आहे.

यावर ठरलेला आक्षेप असा, की दोष हौसेचा नाही, यंत्राचा आहे. मोबाइल नव्हता तेव्हा अफवाही नव्हत्या. हे महाडमध्ये बसून म्हणायला फार धाडस लागतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या परिषदेच्या प्रतिनिधींसह चवदार तळ्यावर गेले आणि तळ्याचं पाणी प्याले. त्यानंतर काही तासांच्या आत गावात आवई उठवली गेली की ही माणसं आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. टॉवर नाही, ग्रुप नाही, रिचार्ज नाही; आवई गल्लीगल्लीतून गेली आणि परतीच्या तयारीत असलेल्या, जेवत बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. तिला उत्तर द्यायला काय लागलं तेही पाहण्यासारखं आहे. दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केलं. आणि तळ्यावरच्या हक्काचा दावा मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने निकाली निघाला तो १७ मार्च १९३७ ला. आवईला काही तास लागले, खऱ्याला दहा वर्षं, एक नियतकालिक आणि वकिलांचे कागद. तेव्हा वेगाचं श्रेय मोबाइलला देऊ नये. खोट्याला पाय असतातच. आणि ‘मला आतली बातमी आहे’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचा तो खास उजेड स्क्रीनच्या उजेडाहून जुना आहे. फरक इतकाच पडला, की त्या काळी आवई उठवायला निदान घराबाहेर पडावं लागे.

कंपन्यांनाही हे कळतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. मागे होत्या मोबाइलवर फिरणाऱ्या अफवा. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. उपाय चांगला होता, फक्त आमच्या चिकाटीचा अंदाज त्यात धरलेला नव्हता. पाच झाले की आम्ही पुढचे पाच घेतो. तेही जमेना तर मजकूर उचलून नव्याने चिकटवतो, म्हणजे पुढे पाठवल्याची खूण असलेला बाण निघून जातो आणि लेखक आपणच ठरतो. अनेकदा फिरलेल्या संदेशावर दोन बाणांची खूण उमटते ती सावधगिरीसाठी; आमच्याकडे तिचा अर्थ ‘एवढ्या लोकांनी पाठवलंय म्हणजे काहीतरी असणारच’ असा लावला जातो.

इथे थोडं विषयांतर करतो. ते मला आवडतं म्हणून करतो, गरज आहे म्हणून नाही. संदेश कसा असावा याचा या मुलखाशी जोडलेला नमुना मोबाइलपेक्षा तीनशेहून अधिक वर्षांनी जुना आहे. पोलादपूर तालुक्यातलं उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. त्यांची समाधी तिथेच आहे. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाणा घेतल्यावर गडावरच्या पागेचे खण पेटवले गेले आणि तो उजेड राजगडावरून महाराजांनी पाहिला, असं सभासद बखर सांगते. या संदेशाचे गुण पाहा. तो एकाच माणसासाठी होता. त्याचा अर्थ एकच होता. रात्रभरात तो जुना होऊन पुन्हा ‘आत्ताचा’ म्हणून फिरण्याची सोय नव्हती, कारण पागा एकदाच जळते. पाठवणाऱ्याचा फोटो कोपऱ्यात नव्हता. खाली ‘सुप्रभात’ नव्हतं. राजगडावर त्या उजेडाकडे बघून कुणी अंगठा दाखवला नाही, कुणी ‘हा तोरण्याचा जुना जाळ आहे’ अशी शंका काढली नाही, आणि पाच गडांना पुढे पाठवल्यास तीन दिवसांत शुभवार्ता येईल अशी तळटीपही नव्हती. निळ्या खुणा नसूनही वाचल्याची खात्री होती. मी त्या गडावर असतो तर काय केलं असतं याचा विचार करतो तेव्हा मला घाम फुटतो. मी पागेऐवजी आधी एखादी लहान गंजी पेटवून ‘लवकरच मोठी बातमी’ असं कळवलं असतं. उजेडाने मात्र गड आल्याचं तेवढं सांगितलं. तानाजी पडल्याची बातमी त्यात नव्हती. ती मागाहून माणूस घेऊन आला. काही बातम्या माणसानेच घेऊन जायच्या असतात हे तेव्हा कळत होतं.

त्याच तालुक्यात सांगण्याचं दुसरंही घराणं आहे, तेही सांगून टाकतो. ‘शिवभारत’ हे संस्कृत महाकाव्य लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे. अध्यायामागून अध्याय, आणि तरी काव्य अपुरंच राहिलं. म्हणजे एका तालुक्यात एका उजेडाचा संदेशही आहे आणि अध्यायबद्ध महाकाव्यही. आमच्या ग्रुपने यातली दुसरी परंपरा उचलली, छंद आणि व्याकरण वगळून.

विषयांतर संपलं. दुसरा आक्षेप पहिल्यापेक्षा वजनदार आहे, आणि तो टोलवून लावला तर मी खोटा ठरेन. २०२१ च्या पुरात मोबाइल उपयोगी पडलाच नाही का? पडला. छपरावरून, गच्चीवरून काढलेल्या फोटोंमुळे बाहेरच्या जगाला महाड बुडाल्याचं कळलं, आणि पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला हात, चादरी, तांदूळ, पाण्याच्या बाटल्या आल्या त्या अशाच ग्रुपांवरून. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल कोसळला, दोन एसटी गाड्या माणसांसकट नदीत गेल्या, तेव्हा पुलाजवळच्या गॅरेजमधल्या माणसांनी रस्त्यावर येऊन मागच्या गाड्या अडवल्या आणि फोनवरून कळवलं, असं त्या दिवसांतल्या बातम्यांत आलं होतं. पण हे नीट पाहिलं तर माझंच म्हणणं पक्कं होतं. तो फोन, ज्याच्या हातात काही करणं आहे अशा माणसाला केलेला होता. गाड्या अडवणारे देहाने रस्त्यात उभे होते. नकाशाच्या अॅपला वाहतूक कळते ती रस्त्यावरून सरकणाऱ्या फोनांच्या वेगावरून. पुढे रस्ताच उरला नाही हे त्याला कुणी माणसाने सांगितल्याशिवाय लगेच कळण्याचा मार्ग नाही. घाटातल्या ज्या वळणांवर रेंजच जात असते तिथे तर त्याला काहीच कळत नाही, पण आवाजात फरक पडत नाही. न कळता ठाम बोलण्याची ही कला मी त्याच्याकडून शिकलो, की त्याने माझ्यासारख्यांकडून, हे सांगता येणार नाही.

आणि रेंज हा या सगळ्या थाटामागचा खरा सल आहे. टॉवर म्हणजे काही आकाशातून आलेली वस्तू नाही. त्याला लाईट लागते. ती गेली की बॅटरी काही तास ओढते. मग डिझेलचा जनरेटर. आणि डिझेल नेणारा रस्ता पाण्याखाली असला की सगळं शांत. पायथ्याशी ठेवलेली पेटी पाण्यात गेली तर बॅटरीचाही प्रश्न उरत नाही. त्यातून टॉवरांना जोडणाऱ्या केबल रस्त्याच्या कडेने पुरलेल्या, आणि महामार्गाच्या चौपदरीकरणाचे जेसीबी वर्षानुवर्षं त्याच कडेला. डोंगराच्या सावलीत उन्हाळ्यातही जिथे एक काडी येते-जाते तिथे जुलैत काय येणार? २२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी वरंध घाटाच्या बाजूला तळिये गावावर दरड आली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही त्याच पावसात डोंगर आला. महाडमध्ये पाणी, रस्ते बंद, लाईट नाही, फोन लागत नाहीत. तळियेला बाहेरची मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. त्या रात्री मुंबईत बसलेल्या माणसांच्या फोनवर कोकणच्या पावसाचं सगळं काही येत होतं, फक्त घरून ‘आम्ही बरे आहोत’ एवढं येत नव्हतं. हे लिहिताना मला माझ्या दशांशाची मजा वाटत नाही. सगळं जाळं, सगळे टॉवर, ‘अमर्याद’ म्हणून विकलेला सगळा डेटा त्या तीन शब्दांसाठी उभा असायला हवा होता, आणि ते तीन शब्द सोडून बाकी सगळ्यासाठी तो उभा होता. विकताना अमर्याद म्हणायचं आणि पाऊस आला की मर्यादा दाखवायची, याचा राग मला पावसाळा संपल्यावरही जात नाही.

आता सरकारने नवी सोय आणली आहे, मग तुझी तक्रार काय, असा तिसरा आक्षेप येईल. सोय चांगलीच आहे. टॉवरच्या टापूत जेवढे फोन असतील तेवढ्यांवर एकदम इशारा पाठवायचा. त्याला कुणाचा नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, आणि फोन असा किंचाळतो की झोपलेला माणूस उठून बसावा. २०२३ मध्ये देशभर त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा बरेच जण दचकले होते. टॉवर जिवंत असायला हवा, ही अट तिथेही सुटत नाही, पण तेवढं सोडलं तर मला त्यात एकही दोष काढता आला नाही. आणि हेच मला खटकतं. तो इशारा सगळ्यांना एकाच क्षणी मिळतो. म्हणजे कुणीच कुणाच्या आधी नसतं. माझ्या शेजाऱ्याला, मला आणि त्याच्या सासऱ्याला एकाच वेळी शहाणं करणारी ही योजना लोकशाहीला शोभणारी असली तरी माझ्यासारख्याच्या पोटावर पाय देणारी आहे. त्याचा उपाय म्हणून लोक त्या इशाऱ्याचा स्क्रीनशॉट काढतात आणि ग्रुपवर टाकतात. ज्या ग्रुपमधल्या प्रत्येकाचा फोन नुकताच किंचाळून गप्प झालेला आहे, त्याच ग्रुपवर.

म्हणून मला साधा एसएमएस परत यावासा वाटतो. डेटा चालत नाही अशा कमकुवत रेंजमध्येही तो बऱ्याचदा निसटून जातो, कारण त्याला फार थोडी जागा लागते. शिवाय त्याच्यात संयमाची सक्ती आहे. इंग्रजीत एका एसएमएसला १६० अक्षरं मिळतात; देवनागरीत लिहिलं की ७०, आणि काना, मात्रा, अनुस्वार, मोकळी जागा, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. यात मराठीवर अन्याय आहे असं वाटतं खरं, पण पुराच्या दिवसांत तो पथ्यावर पडतो. ‘भरती ११ ला. सावित्री वाढतेय. सुकट गल्लीतलं सामान वर घ्या.’ यात वेळ आली, नदी आली, ठिकाण आलं, काय करायचं तेही आलं. आणि मोजून ५७ झाली. तेरा उरतात. ‘मी आधीच सांगितलं होतं’ याला एकवीस लागतात, त्यामुळे ते बसत नाही. माझं नाव मात्र बसतं, आडनावाच्या आद्याक्षरासकट. ते मी मोजून पाहिलं आहे.